तिरका बो

प्रिय घाईबाई,

पाकीट जाड लागलं म्हणून तू आधी आतली चपटी पुडी उघडायला जाशील. जाऊ नकोस. ती बाजूला ठेव, तिच्यावर चहाचा कप नाहीतर आणखी काही ठेव आणि आधी हे वाच. तेही ओळीनं. शेवटचं पान पहिल्यांदा वाचायची तुझी खोड मला चांगली ठाऊक आहे. खरं तर फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू माझं वाक्य मध्येच तोडतेस आणि उरलेलं स्वतःच पूर्ण करतेस. या वेळी मला माझी वाक्यं पूर्ण करायची आहेत. तुझं नवं मूत्रपिंड अजून कोवळं, तुला दवाखान्यात आणि गर्दीत यायची बंदी, म्हणजे समोर बसवून सांगायचीही सोय नाही. राहता राहिला कागद. कागदाचं आणि आपलं बरं जमतं.

पहिली बातमी अशी, की पुढच्या महिन्यापासून शुभेच्छा-कार्डं बनवायच्या किटचं खोकं तुझ्या घरी येईल. मी कंपनीला पत्ता बदलून दिला आहे. वर्षअखेरपर्यंतची वर्गणी आपल्या पैशांच्या डब्यातून भरून झाली आहे, त्यामुळे ‘मावशी, मी पैसे पाठवते’ हे पालुपद सुरू करू नकोस. पत्ता का बदलला, ते ओघानं येईलच.

या महिन्याचं खोकं मात्र माझ्याकडेच आलं. पक्ष्यांचं आहे. ढगाळ आभाळाच्या रंगाचे जाड कागद, एक मातकट पिवळा, एक शेवाळी आणि त्याच शेवाळी रंगाची बोटभर रुंद रिबीन. शिक्क्यांमध्ये एक पीस आहे, इतकं बारीक कोरलेलं की शाई जराशी जास्त झाली की त्याचं झुरळ होतं. कागद वाया घालवून हे शिकले. माझी पद्धत तुला माहीत आहे: खोकं उघडायचं, सगळं टेबलावर मांडायचं आणि एक अख्खा दिवस कशालाही हात लावायचा नाही. नुसतं येता-जाता बघायचं. मुलगा म्हणतो, आई, लोक दागिने असे बघतात. त्याला काय कळणार? उभा जन्म मी कापडाच्या दुकानात दुसऱ्यांसाठी कापड मोजून फाडलं. नवा तागा उलगडला की तो वास यायचा, ती कोरी घडी हाताला लागायची आणि पुढच्या क्षणी ते कापड गिऱ्हाइकाच्या पिशवीत. आता उतारवयात दर महिन्याला माझ्या टेबलावर काहीतरी नवंकोरं येतं आणि कुणाच्या पिशवीत जायच्या आधी दिवसभर माझं असतं. सुख लहान आहे, पण मी त्याला नावं ठेवणार नाही.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो? माझी खुर्ची खिडकीशी, तू माझ्या डावीकडच्या खुर्चीत. गाडी चालवायला शिकवणारी तू. दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग देऊन शेजारी बसायची तुला सवय, पण तिथे एक ब्रेक तरी तुझ्या पायाखाली असायचा. इथे तोही नाही. रक्त नळीतून बाहेर जातंय, धुतलं जाऊन परत येतंय आणि तू डायलिसिसच्या त्या यंत्राकडे अशी रोखून बघत होतीस, जसं काही आता त्याला नापास करणार आहेस. मधूनमधून घड्याळावर राग. माझ्यासमोर मुलानं वाढदिवसाला आणून दिलेलं पहिलं किट होतं. तिथे नुसतं छत बघत बसतेस, काहीतरी कर, असं त्याचं म्हणणं. करणार काय, कपाळ? सुयांसाठी शस्त्रक्रियेनं तयार केलेली माझी डाव्या हाताची शीर आधीच निकामी झालेली, त्यामुळे सुया उजव्या हातात, आणि मी सगळी कामं उजव्या हातानं करणारी. डाव्या हातानं डिंक लावायला गेले की कागद पळायचा. तू बराच वेळ बघितलंस आणि मग न विचारता तुझा मोकळा उजवा हात आपल्या दोघींमधल्या टेबलावर आला आणि कागदावर दाबून बसला. म्हणालीस, मावशी, तुमचा डावा, माझा उजवा, मिळून एक बाई होतेय की! त्यानंतर तू घड्याळाकडे बघितलं नाहीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पण ती बाई जरा उलटीच झाली. तू डावीकडून उजवा हात पुढे करायचीस, मी उजवीकडून डावा, म्हणजे दोघींचे अंगठे बाहेरच्या बाजूला. आत्ता हात तसे धरून बघ, हसू येईल. डिंक लावणं जमलं, शिक्का मारणं जमलं, रिबिनीचा बो काही केल्या जमेना. कितीदा गाठ सुटली आणि कितीदा आपण एकमेकींची बोटंच बांधून घेतली! शेवटी जमला, तोही सरळ कधी आला नाही. मी माझ्याकडची पाकळी सावकाश ओढायची आणि तू तुझ्याकडची खेचायचीस, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिल्यासारखी. त्यामुळे बो नेहमी तुझ्या बाजूला कललेला. घाईबाई हे नाव त्या बोपायीच पडलं, आणि दोरा लावून कागद मोजते म्हणून तू मला मीटरमावशी केलंस. पुढे वॉर्डात कार्ड फिरलं की लोक उघडायच्या आधी बो बघायचे आणि म्हणायचे, खिडकीवाल्यांचं दिसतंय.

मोठ्या सिस्टर तर सुरुवातीला आपल्या मुळावरच उठल्या होत्या. नळ्यांच्या आसपास कात्री दिसली तर किट कचऱ्यात जाईल, हे पहिलं फर्मान. चमकी दारातूनच परत, हे दुसरं. म्हणून कापाकापी सगळी माझ्या घरी, मधल्या दिवसांत. तरी तू एकदा चमकीची पुडी बाहीत लपवून आणलीसच. पुडी फुटली, सिस्टर रक्तदाब बघायला वाकल्या आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका दुपारभर चमकत राहिला. सांगायची कुणाची छाती झाली नाही. परवा मी त्यांना ते सांगून टाकलं. त्या आधी ओरडल्या आणि मग आरशाकडे गेल्या, जशी काही चमकी अजून तिथेच असेल.

आणि डबा. गोळ्यांचा रिकामा डबा, झाकणावर तुझ्या अक्षरात ‘चैन’. दोघींनी दर महिन्याला आपापला वाटा त्यात टाकायचा, त्यातून दोघींत मिळून एकच वर्गणी आणि त्यापलीकडे एक चिकट ठिपकासुद्धा विकत आणायचा नाही. औषधं आणि तपासण्यांनी दोघींच्याही घरांची कंबर मोडलेली. चैन करायची तर घरच्यांच्या तोंडचा घास काढून नको, एवढं आपलं ठरलेलं. पण कंपनी काय कच्ची आहे? खोक्यातून रंगीत पत्रक यायचंच: फक्त याच महिन्यात, खास तुमच्यासाठी, मोत्यांची जादा पुडी, फुलं कापायचा साचा. मी ते पत्रक चहाच्या कपाखाली ठेवायची आणि तू कप उचलून वाचायचीस. शेवटी एकदा मला न सांगता साचा मागवलासच. मी एक अख्खी बैठक तुझ्याशी बोलले नाही. शेजारी शेजारी सुयांना बांधलेल्या दोघी, उठून जायची सोय नाही, आणि अबोला! तुझा उजवा हात टेबलावर एकटाच पडलेला होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी खिडकीकडे बघत राहिले.

डबा रिकामा झाला म्हणून पुढच्या महिन्याचं खोकं आपण थांबवलं. मग तपासणीच्या अहवालांची पाकिटं उलटी करून आतली निळी नक्षी वापरली. गोळ्यांच्या पट्ट्यांची चंदेरी पाठ सोलून काढली. माझ्या जुन्या दुकानातून कापडाच्या नमुन्यांचे चौकोन मागून आणले. त्या महिन्याची कार्डं किटच्या कुठल्याही कार्डांपेक्षा देखणी झाली आणि तू निर्लज्जपणे म्हणालीस, बघा, माझ्या साच्याची कमाल! साचा तर वापरलाही नव्हता.

त्या भांडणात तू एक बोलली होतीस. पाणी मोजून, मीठ मोजून, फळाची फोड मोजून, आणि आता कागदही मोजूनच? एक तरी गोष्ट भसाभसा करू द्या की! मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. पाणी आणि मीठ आपल्याला दुसऱ्यांनी मोजून दिलेलं होतं. डबा आपण मोजला होता. आपणच ठरवलं आणि आपणच पाळलं, त्यात माझा मान होता. आणि जिनसा थोड्या होत्या म्हणून त्यांच्याकडे नीट बघितलं गेलं. घर भरून कागद असता तर मी एका शेवाळी रिबिनीकडे दिवसभर कशाला बघत बसले असते?

किटमधले शिक्के आपल्या कामाचे क्वचितच असायचे. ‘धमाल करा’, ‘नव्या घराच्या शुभेच्छा’. ‘लवकर बरे व्हा’ तर सारखाच यायचा. आपल्याकडे लवकर बरं कोण होतं? तू त्यातल्या ‘लवकर’वर चिकटपट्टी लावून शिक्का मारायचीस, म्हणजे कागदावर नुसतं ‘बरे व्हा’ उमटायचं. एवढं तरी म्हणता येत होतं. आणि जे बरे झाले नाहीत, ज्यांची खुर्ची एका सकाळी पुसून ठेवलेली दिसायची, त्यांच्या घरच्यांसाठीचं कार्ड वेगळं. त्यावर शिक्का नाही, हे आपण न बोलताच ठरवलं. आत एकच ओळ, तुझ्या अक्षरात, त्या माणसाबद्दलची, आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेली. कोपऱ्यातल्या आजोबांच्या कार्डात तू लिहिलंस, की वजनकाट्यावर उभं राहायच्या आधी ते चपलांबरोबर चष्माही काढून ठेवायचे. त्यांची मुलगी ते कार्ड हातात घेऊन वॉर्डात आली आणि हसता हसता रडली. म्हणाली, बाबा थोर होते असं सगळ्यांनी लिहिलं, चष्म्याचं कुणीच लिहिलं नव्हतं.

तुझ्या भावानं तुला मूत्रपिंड दिलं आणि तू गेलीस, तेव्हा तुझ्या कार्डासाठी तुझाच हात नव्हता. मोठ्या सिस्टरांनी चहाच्या सुट्टीत हातमोजा काढला आणि तुझ्या खुर्चीत येऊन बसल्या. बो इतका नेटका बांधला की जखमेवरची पट्टीच. तू फोनवर विचारलंस, हा कुणी बांधला, पोलिसांनी? आता त्या खुर्चीत बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे काका असतात. त्यांचाही उजवा हात मोकळा. बोटं जाडजूड, पण शहाणी. शिक्का दाबताना तोंडानं बारीक सूर धरतात आणि सूर संपला की उचलतात, त्यामुळे शाई कधी फरकटत नाही. बो मात्र त्यांचा लोंबतो. स्वतःच म्हणाले, ताई, मला फुंकायला सांगा, बांधायला नको.

इतकं लिहून झालं आणि माझी तब्येत कशी आहे ते लिहिलं नाही, हे एव्हाना तुझ्या ध्यानात आलं असेल. बरी नाही गं. गेले काही महिने प्रत्येक बैठकीत रक्तदाब कोसळतो, पाय गार पडतात, सिस्टर धावतात, यंत्र थांबवतात, पुन्हा सुरू करतात. हृदय थकलं आहे. उजव्या हाताची शीरही आता दाद देत नाही आणि नवी करायला जागा उरलेली नाही. मधले दिवस पूर्वी कापाकापीचे असायचे, आता ते झोपेत जातात. डॉक्टरबाईंना मी स्वतःहून विचारलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि चालू ठेवलं तर काय, थांबवलं तर काय, दोन्ही नीट सांगितलं. मी थांबवायचं ठरवलं आहे. शेवटची बैठक काल झाली. निघताना काकांनी ट्रंपेट नसताना नुसत्या ओठांनी एक धून वाजवली आणि मोठ्या सिस्टर वजनकाटा पुसत राहिल्या, जो आधीच स्वच्छ होता.

मुलगा आधी माझ्याशी भांडला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, बंद पडलेलं काहीही चालू करता येतं असा त्याचा समज. मग एकदा माझ्याबरोबर येऊन यंत्र लावल्यापासून काढेपर्यंत शेजारी बसला. घरी आल्यावर म्हणाला, आई, तू म्हणशील तसं. आता रजा घेऊन घरी आहे. आज सकाळी त्यानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, काठोकाठ भरलेला, आणि घाईनं स्वयंपाकघरात निघून गेला. जपून, पण प्या, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. इतक्या वर्षांनी मी न मोजता पाणी प्याले. पाण्याला चव असते, हे विसरूनच गेले होते.

भीती वाटते. वाटत नाही असं लिहिलं तर तुला पटणार नाही. एकटी असले की जास्त वाटते, टेबलावर कागद मांडले की जरा कमी. दुकानात ताग्याच्या शेवटी थोडं कापड उरलं की मालक म्हणायचे, त्याचे आणखी तुकडे करून विका. मी म्हणायची, नको, अख्खं राहू दे, कुणाचं तरी काहीतरी होईल त्यातून. माझे उरलेत ते दिवस मला तसे अख्खे हवे आहेत, घरी, टेबलाशी, मुलाच्या वावरण्याचे आवाज ऐकत. तुला वाटेल, मावशीनं हार मानली. वाटू दे, पण मनात धरून बसू नकोस. आणि तू बरी झालीस म्हणून माझ्यापुढे अपराधी होऊ नकोस. तुझ्या पोटात तुझ्या भावाची माया आहे, तिच्यात माझ्या वाट्याचं काही नव्हतं. तू तिथून उठून गेलीस तेव्हा मला झालेला आनंद अजून उतरलेला नाही.

तर खोकं का, ते आता कळलं असेल. ते आलं की एक दिवस नुसतं बघ. जमणार नाही तुला, पण प्रयत्न कर. मग निम्मं कापून वॉर्डात काकांकडे पाठव, कारण घरच्यांसाठीची कार्डं थांबून चालणार नाहीत. कापताना कडेपासून सरळ कापत जा, मधूनच भोक पाडल्यासारखं नको, म्हणजे उरलेल्या पट्ट्या लांब निघतात आणि कामाला येतात. डबा मुलाच्या हाती पाठवते. त्यात वाटा टाकत जा. रंगीत पत्रक आलं तर कपाखाली ठेव आणि कप उचलू नकोस. बरं, वर्षातून एकदा उचललास तरी चालेल.

आता ती पुडी उघड. आत एक कार्ड आहे, ढगाळ रंगाचं, वर ते पीस, आणि या वेळी त्याचं झुरळ झालेलं नाही. हे माझ्या मुलासाठी आहे, घरच्यांसाठीचं. याच्याचसाठी हे सगळं लिहिलं. डिंक आणि शिक्का मी डाव्या हातानंच केला, उजवा मोकळा होता तरी, कारण आपल्या कार्डांत माझा तोच हात असतो. बो इथे बांधून पाहिला. दोन्ही हात माझेच, त्यामुळे सरळ आला. परक्या कुणाचं कार्ड वाटायला लागलं, म्हणून सोडून टाकला आणि रिबीन तशीच ओवून ठेवली. आत जागा कोरी आहे, तुझ्या एका ओळीसाठी. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तू माझ्या शेजारी बसली आहेस, तू पाहिलं आहेस. फक्त थोर होती वगैरे लिहू नकोस. पत्र मिळालं की मला फोन कर. रडलीस तरी चालेल, माझं वाक्य तोडू नकोस म्हणजे झालं. पुढे कधीतरी माझ्या मुलाचा तुला फोन येईल, त्यानंतर हे कार्ड त्याला पाठव. या एकाच कामात घाई करू नकोस. आणि बाळा, तुझे आता दोन्ही हात मोकळे आहेत, तू तो बो अगदी सरळ बांधू शकशील. तरी तिरकाच बांध. त्याला कळायला हवं, की हे आपल्या दोघींचं आहे.

तुझीच,
मीटरमावशी